मुंबईची सिनेमावाली हॉटेलं शंभर वर्षं कशी टिकली, आणि त्यातलं नाशकात काय चालेल

प्रश्न असा आहे: नाशकात कॉलेज रोडच्या बाजूला चाळीस खुर्च्यांचं इराणी पद्धतीचं कॅफे काढायचं आहे. संगमरवरी टेबलं, बन मस्का, भिंतीवर जुन्या सिनेमांची पोस्टरं असा बेत आहे. मुंबईत सिनेमावाले ज्या हॉटेलांत बसायचे त्यांचा खरा इतिहास काय, ती इतकी वर्षं कशी टिकली आणि त्यातलं काय इथे उतरेल?

या इतिहासाची सुरुवात ग्रँट रोडवरच्या एका भटारखान्यात होते आणि ती तुमच्याच जिल्ह्याशी जोडलेली आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती शोधत होते. कॅमेऱ्यासमोर उभी राहायला कुणी बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके त्यांच्या नजरेत भरला. हॉटेलात त्याला महिन्याला १० रुपये मिळत होते, फाळक्यांनी १५ देऊ केले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि हॉटेलातला आचारी भारतीय पडद्यावरची पहिली नायिका झाला. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंक्यांनीच केले. त्याआधीच फाळक्यांनी आपलं काम नाशकात हलवलं होतं, आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी इथेच उभी राहिली. म्हणजे सिनेमाचं शहर असण्याचा मान काही वर्षं नाशिककडे होता. तुमच्या भिंतीवर काय लावायचं याचं उत्तर यातच आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ही हॉटेलं तारेतारका येत म्हणून मोठी झाली असं सर्रास लिहिलं जातं. क्रम उलटा होता. काम मिळायच्या आधी, खिशात चहापुरते पैसे असताना माणसं तिथे बसायची. बसता यायचं, कारण कुणी उठवत नव्हतं. आणि उठवत नव्हतं, कारण मालकाला भाडं जवळपास नव्हतंच. सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

इराणी म्हणजे कोण, हे नीट समजून घ्या. पारशी समाज शेकडो वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरला. इराणी म्हणजे एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द आणि केरमान भागातून आलेले झरतुष्ट्री. दुष्काळ आणि तिथल्या राजवटीतला जाच ही येण्याची कारणं. हातात भांडवल थोडं. त्यामुळे त्यांनी नाक्यावरच्या जागा धरल्या. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदार घेत नसत आणि ती स्वस्तात मिळे, असं सांगितलं जातं. कारण कोणतंही असो, धंद्याच्या दृष्टीने कोपरा सोन्याचा ठरला: दोन बाजूंनी दारं, दोन्ही रस्त्यांवरचं गिऱ्हाईक, आरपार वारा, दिवसभर उजेड. पंखे आणि दिवे कमी लागत. मुंबईच्या दमट हवेत भट्टीची ऊब बाहेर काढायला दुसरा स्वस्त उपाय नव्हता.

आतली मांडणीही कामापुरती होती. वाफेवर वाकवलेल्या लाकडाची खुर्ची हा मिखाएल थोनेट या कारागिराचा १८५९ चा नमुना. मूळ खुर्चीत सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग करून एक घनमीटर पेटीत ३६ खुर्च्या मावत, म्हणून बोटीने आणणं परवडायचं. वजनाला हलकी, झाडू मारताना एका हाताने उचलता येणारी, आणि एक पाय मोडला तर तेवढाच बदलता येणारी. भिंतींवरचे मोठे आरसे खोली मोठी दिसावी म्हणून तर होतेच, पण गल्ल्यावर बसलेल्याला पाठीमागचं टेबलही दिसावं हा मोठा उपयोग. काचेच्या बरण्या, साबण, काडेपेट्या, बिस्किटं हा दुकानाचा भाग सकाळ-संध्याकाळच्या मधला मंद काळ भरून काढायचा. 'केस विंचरू नका', 'उगाच बसू नका' अशा पाट्या आज गंमत म्हणून छापतात. त्या काळी त्या गर्दीच्या वेळी टेबल मोकळं करण्याचं साधन होत्या.

आता भाड्याकडे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. हा कायदा घरांइतकाच दुकानांना लागू होता. म्हणजे चहाचा भाव काही आण्यांवरून काही रुपयांवर गेला, पगार वाढले, पिठाचे भाव वाढले, पण फोर्ट किंवा धोबी तलावच्या नाक्यावरच्या हजार चौरस फुटांचं भाडं जवळपास तिथेच राहिलं. २००० पासून लागू झालेल्या नव्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तीही त्या जुन्या आकड्यावर. पगडीची (एकरकमी पैसे देऊन कायमची भाड्याने घेतलेली) जागा, नाममात्र भाडं आणि कुटुंबातलंच माणूस गल्ल्यावर: एका चहावर दोन तास बसू देणं या तीन गोष्टींमुळे शक्य होतं.

हेच गणित नाशकाला लावून पाहा. ४० खुर्च्या, १२ तास दुकान उघडं, सरासरी ६० टक्के खुर्च्या भरलेल्या. गिऱ्हाईक ४० मिनिटं बसलं तर दिवसात एका खुर्चीच्या १८ फेऱ्या होतात. ४० गुणिले १८ गुणिले ०.६, म्हणजे ४३२ माणसं. माणशी ८० रुपये धरले तर ३४,५६० रुपयांचा गल्ला. आता तेच गिऱ्हाईक लॅपटॉप उघडून दीड तास बसलं की फेऱ्या ८ वर येतात, माणसं १९२ होतात आणि गल्ला १५,३६० वर उतरतो. तोच ३४,५६० चा गल्ला हवा असेल तर माणशी १८० रुपये काढावे लागतील. चहा आणि बन मस्क्यावर १८० होत नाहीत. त्यासाठी पास्ता आणि पिझ्झा घालावा लागतो, मग भटारखाना वाढतो, आचारी वाढतात आणि इराणीपण फक्त खुर्च्यांत उरतं. इराणी ढंगाची बहुतेक नवी कॅफे याच वाटेने जातात.

भाडं गल्ल्याच्या १५ टक्क्यांच्या आत राहिलं तरच हा धंदा श्वास घेतो. ८० रुपयांच्या हिशेबाने महिन्याचा गल्ला १० लाखांच्या थोडा वर जातो, म्हणजे भाड्याची कमाल मर्यादा दीड लाख. दीड तास बसणाऱ्या गिऱ्हाइकाचा गल्ला महिन्याला साधारण ४ लाख ६० हजार, आणि त्यात तेच दीड लाख म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. म्हणून जागा पाहताना मुख्य रस्त्यावरच्या मधल्या गाळ्यापेक्षा आतल्या गल्लीच्या तोंडाचा कोपरा घ्या. करार किमान ९ वर्षांचा करा, भाडेवाढीचा टक्का त्यातच लिहून घ्या आणि पहिली ३ वर्षं मालकाला जागा परत मागता येणार नाही असं कलम घाला. करार नोंदणीकृतच हवा, कायद्याने तो बंधनकारक आहे. ११ महिन्यांच्या करारावर भट्टी आणि संगमरवर बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीला सोन्याचा मुलामा देणं. सिंहस्थाच्या गर्दीवर नजर ठेवून जास्त भाड्याची जागा घेऊ नका. ती गर्दी येते आणि जाते, भाडं राहतं.

आता सिनेमा. मुंबईतली नावाजलेली हॉटेलं नकाशावर टिपली की तीन जागा डोळ्यांत भरतात: चित्रपटगृहाचं दार, स्टेशनचं तोंड आणि स्टुडिओचं फाटक. धोबी तलावचं कयानी १९०४ चं. समोर मेट्रो चित्रपटगृह आलं १९३८ मध्ये आणि दुपारच्या खेळाचं गिऱ्हाईक आयतं मिळालं. कुलाब्याचं मोंडेगार १९३२ चं, आणि १९३३ मध्ये शेजारी रीगल उघडलं. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान १९१४ चं. तिथून चालत अंतरावर लॅमिंग्टन रोड, जिथे नाझ बिल्डिंगमध्ये वितरकांच्या कचेऱ्या होत्या. कोणत्या गावात कोणता चित्रपट किती दिवस चालला, पुढच्यात किती पैसे घालायचे, या बोलण्यांना चहा लागतोच. चित्रपटाचा खरा धंदा याच गल्ल्यांत चालायचा, आणि तो करणारी माणसं कधी पडद्यावर दिसली नाहीत.

स्टुडिओचा पट्टा आधी दादर-परळला होता. रणजित १९२९ मध्ये दादरला, राजकमल १९४२ मध्ये परळला. याच भागात मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० पासून, आणि पंजाबी जेवणाचं प्रीतम १९४२ पासून. रोजंदारीवरचे एक्स्ट्रा, वादक, मेकअपवाले, प्रकाशयोजनेचे कामगार सकाळी सातला हजर व्हायचे आणि बोलावणं दुपारी यायचं. त्यांना पोटभर, स्वस्त आणि लगेच मिळणारं अन्न हवं असे. दादरच्या मराठी उपाहारगृहांचा बटाटावडा, मिसळ, साबुदाणा वडा या गरजेत अचूक बसला. माटुंग्याची उडुपी मंडळी, म्हणजे १९४० चं कॅफे मद्रास आणि १९४२ चं रामा नायकांचं बोर्डिंग, हीसुद्धा याच पट्ट्यातली. इराण्यांना खरी टक्कर दिली ती उडुप्यांनी: शाकाहारी, झटपट आणि त्याहून स्वस्त.

मग स्टुडिओ उत्तरेला सरकले. मालाडला बॉम्बे टॉकीज १९३४, गोरेगावला फिल्मिस्तान १९४३, चेंबूरला आर. के. १९४८, वांद्र्याला मेहबूब १९५४ आणि गोरेगावची चित्रनगरी १९७७. पैसेवाला सिनेमा चर्चगेटकडे वळला. १९५६ मध्ये उघडलेलं गेलॉर्ड ही त्या काळाची खूण. शंकर-जयकिशन या संगीतकार जोडीतल्या जयकिशन यांची बैठक तिथे ठरलेली असे, आणि १९७१ मध्ये ते गेल्यावर त्यांचं टेबल काही काळ राखून ठेवलं होतं. भेंडी बाजारातल्या १९२३ च्या नूर मोहम्मदीत 'चिकन संजूबाबा' आहे, संजय दत्तच्या पाककृतीवरून ठेवलेलं. नाटकवाल्यांचं ठाणं वेगळं: जुहूला पृथ्वी थिएटर १९७८ मध्ये उघडलं आणि त्याच्या अंगणातल्या कॅफेने सुलेमानी चहावर कित्येक तालमी जागवल्या. जहांगीर कलादालनातलं समोवार १९६४ ते २०१५ असं चाललं. लांबट, अरुंद व्हरांड्यातली जागा, तरी चित्रकार आणि सिनेमावाले दोन्ही तिथे.

बंद का पडली, याची कारणंही जागेशीच बांधलेली आहेत. १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागचं रोजचं गिऱ्हाईक संपलं. इराणी हॉटेलं बहुधा भागीदारीत असत. तिसऱ्या पिढीत भागीदार वाढले, मुलं परदेशी गेली, जागेची किंमत धंद्याच्या कितीतरी पट झाली आणि विकणं शहाणपणाचं ठरलं. काहींनी बिअरचा परवाना घेऊन तग धरला. आणि व्हॅनिटी व्हॅन आल्यावर कलाकारांना हॉटेलात बसायची गरजच उरली नाही. सेटवरचं जेवण केटररकडून येऊ लागलं. शेकड्यांनी असलेली इराणी हॉटेलं आज दोन-तीन डझनांवर आली आहेत. टिकलेल्यांतलं बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया पाहा. १९२३ चं हॉटेल, पण ज्या बेरी पुलावासाठी लोक रांग लावतात तो १९८२ नंतरचा, इराणहून येणाऱ्या जरेश्क या आंबटगोड बेरीवर आधारलेला. जुनं हॉटेल नव्या पदार्थावर जगू शकतं, अट एवढीच की तो पदार्थ दुसरीकडे मिळता कामा नये.

सनावळ्यांबद्दल एक सावधगिरी. पाटीवरचं साल चार गोष्टींपैकी कशाचंही असू शकतं: दुकानाचं, इमारतीचं, आताच्या मालकाचं किंवा आताच्या पदार्थाचं. कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेचं १८७१ हे साल तेलाच्या घाऊक दुकानाचं आहे, खानावळ नंतरची. तुम्ही भिंतीवर किंवा मेनूत इतिहास छापणार असाल तर जुनी भाडेपावती, मिळकत पत्रिका, पोलिसांचा उपाहारगृहाचा परवाना, जुन्या वर्तमानपत्रातली जाहिरात यांपैकी दोन कागद जुळल्याशिवाय साल लिहू नका. दुकाने व आस्थापनांचा पहिला कायदाच १९३९ चा आहे, तेव्हा त्याआधीचा 'शॉप अ‍ॅक्टचा दाखला' कुणी दाखवला तर पुन्हा तपासा.

आता भटारखाना. इथे हात ढिला सोडून चालत नाही, कारण पदार्थ पाच आणि गिऱ्हाईक रोजचं. चव एक दिवस बिघडली तरी कळते.

इराणी चहाचं मर्म एवढंच की कोरा चहा आणि दूध वेगवेगळे शिजतात आणि कपातच भेटतात. १०० मिलीचे ५० कप हवे असतील तर ३ लिटर पाणी, १२५ ग्रॅम बारीक सीटीसी (दाणेदार) आसाम चहापत्ती. पाणी उकळलं की पत्ती घाला, आच अगदी मंद करा आणि झाकण लावून २५ मिनिटं ठेवा. पत्ती साधारण दुप्पट-अडीचपट वजनाचं पाणी पिते, थोडं वाफेत जातं, हातात सव्वादोन-अडीच लिटर कोरा चहा येतो. दुसऱ्या पातेल्यात साडेतीन लिटर ६ टक्के स्निग्धांशाचं दूध २.८ लिटरपर्यंत आटवा, दर दोन मिनिटांनी तळ खरवडत. ३७५ ग्रॅम साखर दुधात शेवटच्या पाच मिनिटांत घाला. आधी घातली तर तळाला लागते आणि दुधाला करपट वास येतो. कपात ४५ मिली चहा, वर ५५ मिली दूध. दोन मापांच्या दोन पळ्या बनवून घ्या आणि अंदाजाने ओतायला बंदी घाला. 'पानी कम' मागितलं की ३० आणि ७० असं प्रमाण.

चहा तीन ठिकाणी बिघडतो. मोठ्या आचेवर खळखळून उकळला की तुरटपणा वाढतो आणि तो साखरेने झाकला जात नाही. कोरा चहा दोन तासांपेक्षा जास्त ठेवला की रंग काळपट आणि चव सपाट होते, म्हणून ५० कपांचीच खेप करा, गर्दीच्या वेळी दर तासाला नवी. आणि चहा-दूध एकत्र करून समोवारात, म्हणजे चहा गरम ठेवायच्या नळाच्या भांड्यात, ठेवायचा मोह टाळा, अर्ध्या तासात त्याला टपरीच्या उरलेल्या चहाची चव येते. दूध ७० अंशांच्या खाली उतरू देऊ नका. साय आली तर ती गाळून न टाकता फेटून परत मिसळा.

ब्रुन पाव, म्हणजे कडक कवचाचा पाव, हा दुसरा खांब. १ किलो मैदा, ५९० मिली पाणी, १८ ग्रॅम मीठ, १० ग्रॅम साखर, ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. तूप, लोणी, दूध काहीही नाही. स्निग्ध पदार्थ पडला की कवच मऊ होतं आणि तो लादीपाव होतो. कणीक मळून झाल्यावर तिचं तापमान २६ अंशांच्या आसपास असावं. नाशकात एप्रिल-मेमध्ये पाण्यात बर्फ घालावा लागेल आणि यीस्ट ४ ग्रॅमवर आणावं लागेल, नाहीतर कणीक आंबून जाते आणि पावाला जाळी मोठी पडते. पहिलं फुगणं सव्वा तास, मग ८० ग्रॅमचे २० गोळे, पुन्हा ४५ मिनिटं, वर एक खोल चीर, आणि २३५ अंशांवर १८ ते २० मिनिटं. पहिली ५ मिनिटं भट्टीत वाफ हवीच. वाफ नसेल तर कवच लवकर धरतं आणि पाव बाजूने फाटतो. ब्रुनचा कडकपणा चार-पाच तासांचाच असतो, कारण आतला ओलावा हळूहळू कवचात येतो. पावसाळ्यात तीन तासांत. म्हणून सकाळी साडेसहाला आणि दुपारी साडेतीनला, अशा दोन वेळा भाजा. दिवसाला १५० ब्रुन लागतील असं धरलं तर दोन ट्रेची भट्टी पुरते.

लाकडाच्या भट्टीचा हट्ट धरू नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तो आदेश मुंबईपुरता असला तरी वारं कोणत्या दिशेला आहे ते स्पष्ट आहे. जाड दगडी तळाची गॅस किंवा विजेची भट्टी घ्या. ब्रुनला धुराची चव लागत नाही, खालून मिळणारी साठवलेली उष्णता लागते, आणि ती दगड देतो.

बन मस्क्याचं लोणी हा नाशकातला वेगळा प्रश्न आहे. ६० ग्रॅमच्या बनला २० ते २५ ग्रॅम लोणी, म्हणजे अर्ध्या किलोत २० ते २५ बन. लोणी २० ते २२ अंशांवर नीट पसरतं. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा १० च्या खाली जातो. फ्रिजबाहेर ठेवलेलं लोणीसुद्धा दगड असतं आणि सुरी बन फाडते. चहाच्या पातेल्याजवळ, पण आचेपासून दोन हात लांब, अशी लोण्याची जागा ठरवा. वितळवून गार केलेलं लोणी वापरू नका; ते कणीदार होतं आणि बनमध्ये झिरपून तेलकट डाग पडतात.

मावा केकसाठी, ४० ते ४२ छोट्या साच्यांना: ५०० ग्रॅम मैदा, ३५० ग्रॅम लोणी, ५०० ग्रॅम पिठीसाखर, ३०० ग्रॅम खवा, ८ अंडी, १०० मिली दूध, १० ग्रॅम बेकिंग पावडर, ६ ग्रॅम वेलची. खवा किसून लोण्यासोबतच फेटा. उशिरा घातला की त्याच्या गाठी तळाला बसतात आणि केक खालून ओलसर राहतो. १७० अंशांवर २२ ते २५ मिनिटं. वर उंच टोक येऊन फाटला तर भट्टी जास्त तापलेली आहे. खव्यामुळे हा केक टिकाऊ नाही. दोन दिवसांच्या वर ठेवू नका. मेरवानचे केक सकाळीच संपायचे, त्यातही हा शहाणपणा आहे. अंड्याचा प्रश्न नाशकात खुलेपणाने हाताळा. बिनअंड्याचा केक वेगळ्या साच्यात, वेगळ्या ट्रेमध्ये करा आणि कपाटावर स्पष्ट लिहा. चव तीच येणार नाही, तशी ती येते असं गिऱ्हाइकाला सांगूही नका.

मेनूत मिसळ ठेवायची का, असा प्रश्न येणारच, कारण नाशकात मिसळीशिवाय सकाळ होत नाही. माझं मत: ठेवू नका. काळ्या मसाल्याची मिसळ देणारी इतकी चांगली ठिकाणं शहरात आहेत की तिथे तुम्ही पाचवे-सहावे ठराल. दुसरं कारण टेबलाचं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा रस, दही, टोमॅटो यांतलं आम्ल त्याला खातं, चकाकी जाऊन पांढुरके डाग उरतात आणि तर्रीचं तेल त्यात मुरतं. चहा-पावाच्या हॉटेलात संगमरवर टिकला, तोही अनेकांनी वर काच टाकली म्हणून. मिसळ द्यायचीच असेल तर ग्रॅनाइट घ्या.

टेबलाची मापं: चौघांना दोन फूट बाय दोन फूट. लहान वाटेल, पण लहान टेबलावर लॅपटॉप आणि चार कप एकत्र मावत नाहीत, आणि माणसं आपोआप उठतात. खुर्चीमागे १३ चौरस फूट धरले तर ४० जणांना सव्वापाचशे चौरस फुटांचं दालन आणि भटारखान्याला आणखी अडीचशे-तीनशे लागतील. वेताच्या बैठकीची खुर्ची घेतलीत तर इथल्या कोरड्या उन्हाळ्यात वेत तडकतो. मार्च ते मे आठवड्यातून एकदा खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवावं लागेल. ते होणार नसेल तर भोकांच्या नक्षीची प्लायवुडची बैठक बरी.

शेवटी भिंत. मोठ्या हिंदी चित्रपटांची पोस्टरं आणि नटांचे चेहरे धंद्यासाठी लावण्यात दोन अडचणी आहेत. पोस्टर ही चित्रकाराची किंवा निर्मात्याची कलाकृती. तिचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो. आणि हयात कलाकाराचा चेहरा जाहिरातीसारखा वापरला तर त्याची परवानगी लागते. अशा प्रकरणांत न्यायालयं कलाकारांच्या बाजूने निकाल देत आहेत. गाणी वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा आणि गीत-संगीताचा असे दोन वेगळे परवाने घ्यावे लागतात, एकावर भागत नाही.

फाळक्यांचं तसं नाही. ते १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशकातच गेले, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या कामावरचा हक्क २००४ अखेर संपला. त्यांच्या मूकपटांतली चित्रं तुम्ही लावू शकता. चांगल्या प्रतीची छायाचित्रं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे मागा, प्रतीचं शुल्क भरा आणि वापर व्यावसायिक आहे असं अर्जात स्पष्ट लिहा. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. गिऱ्हाइकाला ते नाव ओळखीचं आहे, पण हिंदुस्थान फिल्म कंपनी याच गावात होती हे फार थोड्यांना माहीत असतं. आठ-दहा चित्रं पुरेत, प्रत्येकाखाली दोन ओळींची माहिती, साल तपासून. त्यातलं तारामतीच्या वेशातल्या साळुंक्यांचं चित्र दालनात नको. ते भटारखान्याच्या दाराच्या वर, आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पोऱ्याला दिसेल असं लावा.